ताकसांडे मावशींचा मुका कॅमेरा

ताकसांडे मावशींनी फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या म्हणायच्या, “बोला, वर्धा.” पलीकडे पुण्याचा मुलगा असो, गॅस सिलिंडरवाला असो, नाहीतर लॉटरी लागल्याची बातमी देणारा कोणी भामटा असो, प्रत्येकाला आधी अख्ख्या वर्ध्याशी बोलावं लागे आणि मग मावशींशी. फोन डाव्या कानाला, मान डावीकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले. पलीकडच्या माणसाने तोंड उघडण्याआधी नुसता श्वास घेतला, तरी त्या फोनवर हात ठेवून आमच्याकडे बघत पुटपुटायच्या, “याले काम पडलं आपलं,” किंवा “हे आताच रडून उठली.” आणि ते तसंच निघायचं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. त्या असत्या तर हे मला लिहू दिलं नसतं, हे आधीच सांगून टाकतो.

मावशी आमच्या शेजारच्या. दोन घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत आणि त्या भिंतीवर वाकलेलं त्यांचं सीताफळाचं झाड. वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी ऑपरेटर म्हणून काढली. नागपूरला बोलायचं तरी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावं लागायचं, त्या काळात सगळ्या जिल्ह्याचं बोलणं मावशींच्या हातून जायचं. सिंदीच्या व्यापाऱ्यांचे कापसाचे भाव, जुळलेली लग्नं, मोडलेली लग्नं, बाळंतपणं, मयती. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांची गुपितं त्यांना ठाऊक होती आणि त्यांनी त्यातलं अक्षरही बाहेर काढलं नाही. मी पुष्कळदा खोदून पाहिलं. त्या हसायच्या आणि म्हणायच्या, “कानात गेलं ते कानाचं. जिभीचा त्याच्यावर हक्क नाई.”

नुसतं ऐकून गप्प बसणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. कारंज्याचे दोन भाऊ होते, थोरला गावी आणि धाकटा नागपुरात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून फोनवर त्यांची जुंपली. आवाज चढत चढत एकमेकांच्या बायकांपर्यंत आला, आणि आता आईवर येणार हे ओळखून मावशींनी सरळ लाइन तोडली. मग दोघांनाही गोड आवाजात कळवलं की लाइन खराब झाली आहे, उद्या लावा. दुसऱ्या दिवशी दोघांनाही मुद्दाम बराच वेळ ताटकळत ठेवलं. शेवटी लाइन जोडली तेव्हा दोघे भाऊ मिळून टेलिफोन खात्याला शिव्या घालत होते, विहिरीचा विषयच निघाला नाही. “ऑपरेटरनं दर खेपी जोडाचंच नसते,” मावशी सांगायच्या, “कधी कधी तोडाचं बी असते. वर्ध्याच्या लाइनी खराब, वर्ध्याच्या लाइनी खराब, असं सारे म्हणत. आता लाइन बिचारी काय करन?”

तर अशा बाईच्या हातात उतारवयात मुलाने स्मार्टफोन दिला. प्रशांत पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गुणी मुलगा. वडील गेल्यावर आईने पुण्याला यावं म्हणून त्याने फार मनधरणी केली, पण मावशींनी वर्धा सोडलं नाही. मग त्याने फोन आणून दिला, स्वतःच सगळा लावून दिला आणि मावशींच्या डायबिटीसच्या गोळ्यांच्या वेळाही त्यात भरून गेला. ठरल्या वेळी फोन कोकलायचा आणि मावशी त्याला म्हणायच्या, “घेतो रे बावा, घेतो.”

भानगड झाली ती कारंज्याच्या लग्नात. पुतणीचं लग्न होतं. पंगतीत कोणा पोरीने मावशींच्याच फोनवर मावशींचा फोटो काढला. ताटात दोन गुलाबजाम, तिसरा तोंडात आणि चेहऱ्यावर परम समाधान. परतीची एसटी वर्ध्याला पोचायच्या आत पुण्याहून फोन आला. “आई, गुलाबजाम किती खाल्ले?” मावशींनी एकच खाल्ल्याचं सांगितलं. प्रशांत म्हणाला, “ताटात दोन दिसतात आणि एक तोंडात आहे.”

मावशी स्टँडवरून घरी न जाता थेट आमच्याकडे आल्या. मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे मला सगळं समजतं, असा त्यांचा एक उदार गैरसमज होता. मी फोन पाहिला. प्रशांतने तो स्वतःच्या खात्याला जोडून दिला होता, त्यामुळे मावशींनी काढलेला प्रत्येक फोटो आपोआप त्याच्याकडे पोचत होता. त्यात त्याचा काही कावा नव्हता, आईचे फोटो हरवू नयेत एवढाच हेतू. मी समजावलं की फोटो आधी वर क्लाउडमध्ये जातात आणि तिथून पुण्यात दिसतात.

“वर म्हणजे ढगात?”

तसंच काहीसं, असं मी म्हटलं.

“ढगातून पाणी बी इतक्या लवकर पडत नाई,” मावशी म्हणाल्या. त्यांनी फोन पदरात गुंडाळला, जसं एखाद्या आगाऊ पोराचं तोंड दाबावं. “मी उभी जिंदगी लोकाईच्या गोष्टी पोटात ठेवल्या, अविनाश. आन् हा माहाच फोन माही चहाडी करून राह्यला.”

त्यानंतर सहा महिने मावशींनी त्या फोनने फक्त फुलांचे, आकाशाचे आणि कारल्याच्या भाजीचे फोटो काढले.

श्रीलंकेचं निघालं ते पुढच्या हिवाळ्यात. आमच्या भागातल्या विहारात येणाऱ्या बायकांनी मिळून टूर ठरवली. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, कँडीचं विहार आणि शेवटी दोन दिवस समुद्रकाठी. मावशींच्या सोबत सिंदीच्या त्यांच्या जुन्या मैत्रीण कांताबाई मून होत्या, आणि वासनिक मॅडम होत्या. वासनिक मॅडम म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझी बायको मीना त्यांची विद्यार्थिनी. मॅडम रस्त्यात दिसल्या की मीना अजूनही पदर सारखा करते आणि मी विनाकारण पाठ ताठ करतो.

प्रशांतने जायला आनंदाने होकार दिला, पण अटींसकट. गोळ्या वेळेवर, गोड बंद, पाण्यात उतरायचं नाही, आणि रोज फोटो पाठवायचे. मावशींनी सगळ्या अटी मान्य केल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मला हाक आली.

“अविनाश, मले एक कॅमेरा घ्याचा हाय. लहानसा.”

मला फोटोग्राफीचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझं तर भाग्यच उजळलं. इतकी वर्षं घरातल्या कोणी मला त्या विषयावर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू दिलं नव्हतं. मी मावशींच्या ओट्यावर बसून त्यांना सेन्सरचा आकार समजावला. विहारात उजेड कमी आणि फ्लॅशला मनाई, तेव्हा कमी उजेडात चालणारा कॅमेरा हवा. लांबचं खरोखर जवळ आणणारं झूम वेगळं आणि नुसतं चित्र ताणणारं वेगळं. हात थरथरला तरी फोटो न हलण्याची सोय हवी. मावशी मान कलती ठेवून ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, “तू जे सांगून राह्यला ते सारं बरोबर असन. पण तो कोणाले काही सांगते का, ते सांग.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खरेदी वेगळीच आहे.

वर्ध्यात आधी दोन दुकानं पालथी घातली. आता असा लहान कॅमेरा कोणी घेत नाही, मोबाइल असताना कशाला खर्च, असं दोन्हीकडे सांगण्यात आलं. मावशींनी पहिल्या दुकानात ऐकून घेतलं. दुसऱ्यात म्हणाल्या की मोबाइल घरात हाय, त्याच्याचसाठी तं आली. दुकानदार बुचकळ्यात पडला. मग एका सकाळी आम्ही गाडीने नागपूर गाठलं.

सीताबर्डीच्या दुकानातला विक्रेता हुशार होता, पण त्याच्या हुशारीची दिशा चुकत होती. त्याने पहिला कॅमेरा काढला आणि अभिमानाने सांगितलं की यात वायफाय आहे, फोटो काढताच तो तुमच्या मोबाइलवर. मावशींनी तो कॅमेरा तापलेल्या तव्यासारखा काउंटरवर ठेवला. दुसऱ्यात फोटो कुठे काढला ती जागाही आपोआप नोंदली जात होती. “कायले?” मावशींनी विचारलं. विक्रेता म्हणाला, नंतर विसरायला होत नाही. मावशी म्हणाल्या, “मी विसरली तं विसरू द्या न. त्याले काऊन याद ठेवाचं?” तिसरा कॅमेरा समोरचा माणूस हसला की बटण न दाबता फोटो काढायचा. यावर मात्र त्या थोडा वेळ विचारात पडल्या. मग त्यांनी विचारलं की माणूस खोटं हसला तर? विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी फ्लॅशच्या एका माहितीपत्रकात डोकं घातलं.

मावशींची परीक्षा घेण्याची रीत त्यांची स्वतःची होती. प्रत्येक कॅमेरा त्या आधी कानाशी नेऊन बटण दाबायच्या. ज्याचा खटका मोठा वाजला तो बाद. मग खांद्याची पिशवी डाव्या हातात घट्ट धरून नुसत्या उजव्या हाताने फोटो काढून बघायच्या, कारण परक्या देशात पिशवी सोडायची नाही. आणि शेवटी झूम. एक कॅमेरा त्यांनी काचेतून रस्त्यापलीकडच्या ज्यूसच्या दुकानावर रोखला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. मी विचारलं, दिसतंय का नीट? “मोसंबीच्या रसात नळाचं पाणी घालून राह्यला,” त्या समाधानाने म्हणाल्या. “झूम बेस हाय.”

पण त्यातही वायफाय होतं. ते बंद ठेवता येतं, असं विक्रेता परोपरीने सांगत होता. मावशींचं म्हणणं असं की बंद ठेवता येते ते चालूही होते. इतक्या वर्षांच्या अनुभवाचे बोल होते ते. शेवटी दुकानाचे मालक स्वतः उठून आले. एका कपाटाच्या तळातून त्यांनी एक काळा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढला आणि आधीच माफी मागितल्यासारखं बोलले, “हा जुना आहे ताई. चांगल्या कंपनीचा, झूम आहे, हात हलला तरी चालतं. पण वायफाय नाही, जागा नोंदत नाही, मोबाइलला जोडत नाही. फोटो बघायचे तर कार्ड काढून नाहीतर वायर लावून.”

मावशींनी तो कानाशी नेला. खटका इतका बारीक की मलाही ऐकू आला नाही.

“हाच,” त्या म्हणाल्या. “हा मुका हाय.”

जोडीला एक जादा बॅटरी आणि मोठं मेमरी कार्ड घ्यायला लावण्यापुरताच माझ्या ज्ञानाचा उपयोग झाला. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी लवकर बसते, हे मी निदान सांगू शकलो. परतीच्या गाडीत मावशींनी त्या कॅमेऱ्याला जुन्या ब्लाउजच्या कापडाची एक पिशवी शिवायची ठरवलं, आणि सेलू यायच्या आत तिचा रंगही ठरला होता.

पुढचे दोन आठवडे सराव चालला. सीताफळाच्या फांदीआडून, खिडकीच्या गजांतून, विहाराच्या पायरीवरून. पिशवी डाव्या हातात, कॅमेरा उजव्या. एका रविवारी मी आमच्या ओसरीत आरामखुर्चीत पेपर वाचत होतो. म्हणजे मीनाला तसं सांगून बसलो होतो. संध्याकाळी मावशींनी मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. पेपर पोटावर, चष्मा कपाळावर, तोंड सताड उघडं. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता, जराही हललेला नव्हता. मी तो पुसायला सांगितला. मावशींनी कॅमेरा पिशवीत टाकून नाडी ओढली.

“पुण्याचा फोन आला आन् तू कॅमेऱ्याचं बोलला, तं हा फोटो तुह्या प्रिन्सिपॉलच्या टेबलावर जाईन.”

पुण्याचा फोन दोन दिवसांनी आलाच. आईने कॅमेरा घेतला अशी कुणकुण प्रशांतला लागली होती. त्याला कळेना, इतका चांगला फोन असताना कॅमेरा कशासाठी? मी त्याला मोठ्या सेन्सरचे फायदे सांगायला सुरुवात केली. विहारातला मंद उजेड, फ्लॅशची बंदी, सगळं सविस्तर. तो सॉफ्टवेअरवाला असूनही पाच मिनिटांत थकला आणि बरं बरं म्हणून फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या त्या विषयाचा कोणाला काही फायदा झाला.

बायका गेल्या. प्रशांतला रोज फोटो पोचू लागले, अटीप्रमाणे, फोनवरून. चौथ्या दिवशी त्याचा मला फोन आला. तो जरा चाचरत होता. “दादा, आई प्रत्येक फोटोत पाठमोरी आहे.” मी फोटो मागवून पाहिले. खरंच, पांढरी साडी, अंबाडा आणि पाठ. समोर बुद्धमूर्ती. प्रत्येक फोटोत मूर्ती निराळी, पाठ तीच. पुढे समजलं की तिकडे मूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं हा मूर्तीचा अनादर मानतात, म्हणून गाइडने सगळ्यांना तोंड मूर्तीकडे करून उभं राहायला सांगितलं होतं. मावशींना ही प्रथा अतिशय पसंत पडली. त्या पाठीवरून त्यांनी सकाळी काय खाल्लं ते पुण्याला कळायची सोय नव्हती.

सहाव्या दिवशी मात्र फोटो आला नाही. फोनही लागेना. दुपारपासून प्रशांतचे मला फोन सुरू झाले. मी आधी त्याला धीर दिला, समुद्राकडे रेंज नसेल म्हटलं. कांताबाईंचा फोन बंद, वासनिक मॅडमचाही बंद. संध्याकाळपर्यंत माझाच धीर सुटायला लागला. साखर वाढली असेल का, कमी झाली असेल का, आणि हे सगळं लपवण्यात आपला हात आहे, हे एका बाजूने टोचत होतं. दिवेलागणीला प्रशांतचा पुन्हा फोन आला तेव्हा तो चिडून बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मग हळू म्हणाला, “दादा, बाबा गेले तेव्हा आईने मला लागोपाठ फोन केले होते. मी मीटिंगमध्ये होतो. फोन सायलेंटवर उलटा ठेवला होता. बाहेर आलो तेव्हा सगळं झालं होतं.”

आम्ही त्याच्या पहाऱ्याला हसत होतो. तो पहारा आईवर नव्हताच, त्या न उचललेल्या फोनवर होता.

रात्री जेवणं चालू असताना मावशींचा फोन आला. मुलाशी बोलून झालं होतं. फोन हॉटेलात राहिले, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. सगळ्या बायकांनी आपापले फोन मुद्दाम बंद करून खोलीत ठेवले होते आणि कुलूप लावलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या सीताफळाखाली बसून मला हकिगत सांगू लागल्या. टूरमधल्या बायकांना तिसऱ्या दिवशीच कळलं होतं की विमलताईंचा, म्हणजे मावशींचा, कॅमेरा मुका आहे. मग काय, एकेकीने येऊन कानात सांगायला सुरुवात केली. माहा एक काढा, पण घरी जाऊ द्याचा नाई. कोणाला गॉगल लावून काढायचा होता, कोणाला सुनेने ठेवणीत टाकलेल्या ड्रेसमध्ये, जो सासूबाई गुपचूप घेऊन आल्या होत्या. आणि शेवटी समुद्र. “समुद्र आमी पाह्यला होता बावा,” मावशी म्हणाल्या. “सहा डिसेंबरले दादरले जातोच आमी. पण तथी डोये भरलेले असते आन् लाइन लागलेली असते. पाय भिजवावं असं मनातच येत नाई. हा समुद्र मोकया होता.” त्या मोकळ्या समुद्रात बायकांनी पुढे काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीवर नुसता हात ठेवला.

त्यांचं बोलणं संपल्यावर मी त्यांना प्रशांतचं सांगितलं. सांगावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, पण वाटलं, ही एक गोष्ट कानात ठेवण्यासारखी नाही. मावशींची मान डावीकडे कलली. मी थांबल्यावरही त्या तशाच ऐकत राहिल्या.

“मले नाई बोलला तो कधी,” त्या म्हणाल्या. “मी लोकाईचा श्वास ओळखला. घरच्या लेकराचा नाई ओळखला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज येत होता, खूप वेळ. मग त्या भिंतीपाशी आल्या आणि डोळे पुसत, पण नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “ठरलं आमचं. रोज सकायी मी एक फोन करीन, न चुकता. त्याच्यानंतरचा दिवस माहा.” मी विचारलं, कॅमेऱ्याचं सांगितलं का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रिन्सिपॉलचं टेबल आठवलं.

फोटो बघण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी आमच्या घरी ठरला, कारण आमचा टीव्ही मोठा. छापायला कुठे टाकायचे नव्हते. वर्ध्यातला कोणताही स्टुडिओवाला कोणत्या ना कोणत्या बाईच्या माहेरचा निघतोच. कांताबाई सकाळच्या गाडीने सिंदीहून आल्या. बाकीच्या एकेक करून जमल्या. वायर जोडण्यापुरता मला आत प्रवेश होता. मी वायर लावली, टीव्ही लागला आणि कोणी काही बोलायच्या आत पडद्यावर पहिला फोटो आला. वासनिक मॅडम होत्या. कमरेपर्यंत वाळूत पुरलेल्या, डोक्यावर कोण्या परदेशी प्रवाशाची टोपी, डोळ्यांना लाल गॉगल, आणि जीभ बाहेर काढलेली. हातभर.

मॅडम सोफ्यावर ताठ बसल्या होत्या.

“अविनाश,” त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा.”

मी बाहेर बसलो. मीनाने आतून कडी लावली. त्या दुपारी तिने काय काय पाहिलं, ते तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. मावशींनी तिलाही शिकवून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने आत हसण्याचा पहिला स्फोट झाला. मग दुसरा. कोणी तरी “बंद करा व, बंद करा” म्हणून ओरडलं आणि त्यावर आणखी हसू. एवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. पाठीवर बॅग घेऊन प्रशांत उतरला. न कळवता आला होता. आईच्या घराला कुलूप पाहून तो आमच्याकडे वळला.

मी उठून दारासमोर उभा राहिलो. मला दुसरं काही सुचलं नाही. त्याने आई इथे आहे का विचारलं. मी आहे म्हटलं. तो बेलकडे हात नेणार, तेवढ्यात आतून एक हसू आलं, बाकीच्यांच्या वरून, खणखणीत, श्वास लागेपर्यंत चाललेलं. प्रशांतचा हात हवेतच राहिला.

“ही आई आहे?”

मी मान डोलावली.

“एवढी हसते ती?” तो म्हणाला. मग, “काय बघताहेत?”

फोटो, मी म्हटलं.

“फोटो तर सगळे माझ्याकडे...” तो बोलता बोलता थांबला. आतल्या खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सॉफ्टवेअरवाला मुलगा, त्याला समजायला किती वेळ लागणार? मला वाटलं, आता हा चिडणार, निदान दुखावणार. त्याच्या चेहऱ्यावरून एक सावली गेलीही. मग आतून पुन्हा तेच हसू आलं आणि तो स्वतःशीच हसला.

“वायफाय नाही ना त्यात?”

“कमी उजेडात फार चांगला आहे,” मी म्हटलं.

त्याने बेलवरचा हात खाली घेतला. बूट काढले, बॅग भिंतीशी टेकवली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. मी पाणी आणायला मागच्या दाराने जातो म्हटलं, तर नको म्हणाला. आत फोटो बदलत होते, ते हसण्याच्या चढउतारावरून कळत होतं. प्रत्येक वेळी तो आईचं हसू वेगळं काढून ऐकत होता. त्याची मान डावीकडे कलली होती. हे त्याला स्वतःला माहीत नसावं.

ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं तेव्हा कडी निघाली. मावशी पदराने डोळे पुसत बाहेर आल्या आणि मुलाला पाहून जागच्या जागी थबकल्या. एक हात आपोआप कॅमेऱ्याच्या पिशवीवर गेला.

“कधी आला रे?”

प्रशांत उठून उभा राहिला. पँटवरची धूळ झटकली.

“आत्ताच आलो, आई,” तो म्हणाला. “हा काय, उभाच आहे.”

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. अख्ख्या जिल्ह्याचं खरंखोटं ज्या कानांनी ऐकलं होतं, त्यांना हे एवढं कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी काही विचारलं नाही. पुढे होऊन त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आत तोंड करून हाक दिली, “मीना, चहा ठेव व. माहा पोट्टा आला. आताच आला म्हणते.”